उजेडाची पोरगी

अकोल्याचं बसस्थानक. माझ्या पुढे एक फुलवाली आणि तिची कॉलेजातली भाची.

"मावशी, मोबाइलात पाह्य, जपानात कॉम्प्युटरनं बनवलेली उजेडाची पोरगी स्टेजवर गाते. लोकं तिकीट काढून येतात."

"काहून? खऱ्या पोरी नाहीत तिथं?"

"लेकरंच कमी झाले. शाळा बंद पडून राहिल्या."

"मंग घाला म्हणा उजेडालेच पाळण्यात!"

"औंदा भुलाबाईचे गाणे आपणबी पडद्यावरच लावू. कोणाले पाठ आहेत आता?"

"मले आहेत."

"एकटीच म्हणशीन?"

"म्हणीन. अन् गाणे झाल्यावर बंद डबा वाजवला, तं आत काय खिरापत आहे हे तुयी उजेडाची पोरगी ओळखीन का?"

"नाही."

"मंग तूच शिक. म्हण माह्यामागं."

"इथं? लोकं पाहून राहिले, मावशी."

"पाहू दे. आपण तिकीट नाही लावलं."