आत्याच्या गाडीचा मागचा दिवा

"हॅलो? … हां आत्या, बोल. … अगं हळू बोल, काही कळत नाहीये. केवढा गोंगाट आहे तिथे. … कोणी ठोकलं? … तुला? … मागून?"

घासत असलेलं पातेलं तिने तसंच सिंकमध्ये सोडलं आणि ओला हात फ्रॉकला पुसला. फोनवर होती तिची सख्खी आत्या. एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि त्यासाठी दिवसभर मोटरसायकल दामटायची, हे आत्याचं काम. ही तिची नववीतली भाची. आजच दुपारी, आत्या जेवून जरा आडवी झाली तेवढ्यात, हिने त्या मोटरसायकलचा मागचा जुना बल्ब काढून तिथे नवा कोरा एलईडी दिवा बसवला होता. कोणाची मदत न घेता. तेव्हापासून घरात तिला 'मिस्त्री' असं नाव पडलं होतं. पडलं कसलं, तिनेच सगळ्यांच्या मागे लागून पाडून घेतलं होतं.

"लागलं का तुला? … खरं सांग. … गुडघा? नुसता खरचटलाय ना? … आणि नमुन्यांचा डबा? … एकही नळी फुटली नाही? … हुश्श. मग ठीक आहे. … हो, हो… ठीक नाही, कळलं. अगं पण ऐक ना, ठोकलं कोणी? … स्कूटरवाली. … शिकाऊ? … मग ती का रडतेय? … तू ओरडलीस ना तिच्यावर? … नाही गं, मी कशाला तिची बाजू घेऊ."

आत्याचा आवाज चढला की फोन कानापासून वीतभर लांब धरायचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मिस्त्रीने तो तसा धरला आणि मधल्या काळात पातेल्यावर नळ सोडून दिला.

"काय म्हणते ती? … दिवा लागलाच नाही? … काहीही. आत्या, तिला म्हणावं चष्म्याचा नंबर तपासून घे. … अगं मी स्वतः बघितलाय. ब्रेक दाबला की मागची आख्खी भिंत लाल होते. … हो, सांग ना त्यांनाही. सांग, माझ्या भाचीने बसवलाय. … नववीत. … हो, एकटीने."

रस्त्यावर माणसं जमली होती आणि आत्या त्यांच्यापुढे तिच्या नावाचा डंका पिटत होती. मिस्त्रीला आरशात बघायची फार इच्छा झाली. दुपारी दिवा तपासताना एक गंमतच झाली होती. ब्रेक दाबायचा पुढे, दिवा बघायचा मागे, आणि माणसाचे हात काही एवढे लांब नसतात. मग तिने केसांचा रबर काढून हँडलवरच्या ब्रेकला गुंडाळला, ब्रेक दाबलेलाच राहिला, आणि ही मोकळ्या केसांनी धावत मागे. दिवा असा भगभगीत पेटला होता की तिने स्वतःसाठीच टाळ्या वाजवल्या. व्हिडिओ काढला. वर्गातल्या यच्चयावत मुलींना पाठवला.

हँडलवरचा ब्रेक. म्हणजे हाताचा.

"आत्या… तू ब्रेक कुठला मारलास? … नाही, सहज. … पायाचा. … हो, माहीत आहे, तू पायाचाच मारतेस. हाताच्या ब्रेकने गचका बसतो, नळ्या हिंदकळतात, रक्त खराब होतं. … हो गं, पाठ आहे मला. … बोल तू, बोल. ऐकतेय."

फोन कानाला लावूनच ती जिन्याखाली गेली. दुपारचा पसारा तसाच होता. अंथरलेला जुना टॉवेल, स्क्रूड्रायव्हर, जुना बल्ब, आणि काढलेले बारीकसारीक भाग हरवू नयेत म्हणून ठेवलेलं बिस्किटांच्या डब्याचं झाकण. झाकणात एकही स्क्रू उरला नव्हता. होती ती फक्त एक स्प्रिंग, करंगळीएवढी.

तिने ती उचलली. पायाच्या ब्रेकपाशी एक छोटं बटण असतं. पायाने ब्रेक दाबला की ही स्प्रिंग ते बटण ओढते, आणि मागे दिवा लागतो. वायर आत सरकवताना हात जाईना म्हणून तिने स्प्रिंग काढून झाकणात ठेवली होती. मग हाताच्या ब्रेकने दिवा लागला, टाळ्या झाल्या, व्हिडिओ झाला, आणि स्प्रिंग राहिली ती राहिलीच. हाताच्या ब्रेकचं बटण वेगळं, पायाचं वेगळं. आत्या भर रस्त्यात थांबली, आणि मागे लाल तर सोडाच, काहीसुद्धा उजळलं नाही.

"… आहे. आहे गं फोनवर. … कुठे काय, काही नाही. … आवाज तुटतोय तुझा. … हॅलो? … नीट ऐकूच येत नाहीये."

आवाज खणखणीत येत होता. अगदी स्कूटरवालीचे हुंदकेसुद्धा.

"आत्या, मी काय म्हणते… नाही, तू बोल आधी. … हं. … हं. … कोण हसतंय तिथे? … काय म्हणाला तो माणूस? … 'बायकांच्या हातात गाडी दिली की हेच होणार'? … मग? तू काय म्हणालीस त्याला?"

हे वाक्य आत्याला कोणी ऐकवावं आणि सुखरूप घरी जावं, असं आजवर झालेलं नव्हतं. पेट्रोल पंपावरच्या एकाला तर तिने असं झाडलं होतं की पुढे तो तिला लांबूनच 'या मॅडम' म्हणायचा.

"काहीच नाही म्हणालीस? … हां. ते स्कूटरवालीला म्हणाला, तुला नाही. … हं. … आत्या, नको ना गं मला मिस्त्री म्हणूस. … असंच. … काय? मी कशाला बोलू तिच्याशी? … नको, फोन नको देऊस तिला. आत्या, ऐक ना, आधी माझं…"

फोन हातातून हातात गेला. मिस्त्रीने स्प्रिंग मुठीत घट्ट धरली. आत्ता फोन कापला तर? चार्जिंग संपलं म्हणायचं. आत्या घरी आली की गुपचूप स्प्रिंग लावून टाकायची. कोणाला काही कळणार नव्हतं.

"हॅलो? … हो, मीच. भाची. … नाही नाही ताई, तुम्ही कशाला सॉरी? … ताई, थांबा. … आज पहिल्यांदाच एकट्या निघालात? … कामावरून घरी. … सगळ्यांनी नको म्हटलं होतं, तरी. … मग आता? … स्कूटरची किल्ली देऊन टाकणार? … परत कधीच नाही?"

रडताना ती मुद्दाम हळू बोलत होती, आजूबाजूच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मिस्त्रीला ते ऐकवेना. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली.

"ताई, ऐका. तुमचं बरोबर आहे. … दिवा लागलाच नव्हता. … मी तिथे नव्हते, पण मला माहीत आहे. तो मी बसवलाय आणि अर्धवट बसवलाय. … नाही, तुमची समजूत काढत नाहीये. खरंच. … चूक माझी आहे. तुमची मुळीच नाही. … आत्याला द्या फोन. … नको, तुम्ही नका सांगू. मीच सांगते."

पुन्हा खुडबुड. कोणाचा तरी हॉर्न.

"आत्या, काही विचारू नकोस, आधी किल्ली चालू कर. … कर ना गं. आणि त्या हसणाऱ्या माणसाला मागे उभं कर. … आता हाताचा ब्रेक दाब. … लागला? … आता सोड. आता पायाचा. … पुन्हा दाब. … नाही लागला ना. … हो. … स्प्रिंग काढली होती, ती लावायची राहिली. माझ्या हातात आहे ती. … पायाचा तपासलाच नाही मी. हाताचा लागला आणि मला वाटलं, झालं. … मघाशीच कळलं होतं. तू तिला बोलत होतीस तेव्हाच. … आवाज तुटत नव्हता. … आत्या?"

ती पायरीवरून उठून उभी राहिली.

"आत्या, बोल ना. … रागाव, पण बोल. … मागे स्कूटर होती म्हणून निभावलं. ट्रक असता तर… मला पुढचं म्हणवत नाहीये. … आत्या."

आत्या आता तिच्याशी बोलतच नव्हती. फोन बाजूला धरून दुसऱ्याच कोणाशी तरी बोलत होती, तेही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"… हो, ऐकलं मी. तिला सॉरी म्हणालीस ते. … आणि त्या माणसाला जे म्हणालीस तेही. … नाही, हसत नाहीये. रडतेय. … बरं, नाही रडत. … आत्या, गाडी तिथेच ठेव. मी सायकलवर स्प्रिंग घेऊन येते. … लॅब बंद होईल? … अगं पण अंधार पडतोय. … मग असं कर, पायाचा दाबशील तेव्हा हाताचाही दाब. जोरात नको, नुसता बोटांनी टेकव. तेवढ्यानेही दिवा लागतो, गचका बसत नाही. … हो, प्रत्येक वेळी. … नक्की ना? … कोण येतंय तुझ्या मागून? … ताई? … मागून आणखी कोणी ठोकू नये म्हणून? … लॅबपर्यंत? … ती स्वतःहून म्हणाली? … पण तिला तर किल्ली… हं. … हो. … घरी आल्यावर बोलू म्हणजे… पुष्कळ? … बरं. … हो, जागीच राहीन मी. … सावकाश जा."

आत्या फोन बंद करायला विसरली. खिशात टाकला असावा, कारण सगळं गोधडीतून आल्यासारखं ऐकू येऊ लागलं. आधी मोटरसायकल सुरू झाली. मग काही क्षण काहीच नाही. मग स्कूटर खोकली, बंद पडली, पुन्हा खोकली आणि चालू झाली.

मिस्त्रीने फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला. जाडा आवाज पुढे होता, बारीक आवाज मागे. कुठेतरी जाडा आवाज मंदावला.

"बोटं टेकव, आत्या… टेकव…" ती पुटपुटली, कोणाला ऐकू जाणार नव्हतं तरी.

बारीक आवाजही मंदावला. थांबला. पुन्हा दोन्ही सुरू झाले.

"थोडं अंतर ठेवा हां, ताई," ती तशीच पुटपुटली. "हां. असंच. … असंच या."

मग लाइन कट झाली.