सायकलीला नावं ठेवताना

— नाही नाही आजी, चहा नको, आधी सायकल बघू द्या. फणसाला टेकवून ठेवलीत होय? अरेरे. हे चाक — फिरवतो हं — आऊट आहे की नाही? आहे! तुम्हीही म्हणताय, ‘खरंय साहेब’. पुढच्या चाकाचा चिमटा? वाकलाय. ‘खरंय.’ सज्जन आहात हो तुम्ही. आख्ख्या जावात नसेल, पण आमच्या क्लातेन गावात अजून रीत टिकून आहे बघा — समोरच्याचं बोलणं तोडायचं नाही, ‘नाही’ तर तोंडातून काढायचंच नाही. मी नावं ठेवायची, तुम्ही हसून मान डोलवायची, मग हळूच भावाचं काढायचं. सीट? उंदरांनी खाल्लीय. कोंबड्या बसतात हिच्यावर? दिसतंयच. आणि हा गंज — अहाहा, मडगार्डापासून पार घंटीपर्यंत — नाही, म्हणजे, अरेरे म्हणायचं होतं मला.

मी कोण? जुन्या सायकलींच्या मंडळाचा अध्यक्ष, प्रानोतो. दर रविवारी डच साहेबांसारख्या पांढऱ्या टोप्या घालून मिरवतो आम्ही. हो, आपल्या आजोबांना ज्यांनी राबवलं त्याच साहेबांसारख्या — पण टोपी शोभते मला. उद्या मोठी मिरवणूक आहे, आणि मंडळातला तो सुहार्दिमान म्हणतो, अध्यक्षांच्या सायकलीचा गंज खोटा! आमच्यात तर जुन्या गंजालाच मान. खोटा कसला? व्हिनेगर लावलं, मीठ चोळलं, रोज उन्हात ठेवली — मेहनतीचा गंज आहे तो! पण मेल्यानं बोट फिरवून हुंगलं, सगळ्यांसमोर. आपल्याकडे तोंडावर बोलतात कुठे? नुसते हसतात. तेच लागतं हो. आता घरी बायकोसुद्धा हसते. उद्या अस्सल सायकल नसली ना, तर तोंड दाखवायला जागा नाही मला.

म्हणजे ही अस्सल आहे असं मी म्हणत नाही हं! ही निव्वळ भंगार. ‘खरंय.’ भंगारच! कुणा भल्या माणसाच्या गळ्यात मारायच्या लायकीची नाही. आता बोला, काय द्यायचं?

कुठे निघालात? फाटकाशी कुणाला हाक मारताय? भंगारवाल्याला? अहो, तो हातगाडी आत कशाला आणतोय? — काय म्हणालात? मी डोळे उघडले तुमचे? इतकी वाईट वस्तू माझ्यासारख्या साहेबाला दिलीत तर पाप लागेल? आजी, अहो, ती बोलायची पद्धत असते! तुम्ही खरं कसं धरलंत? चाक सरळ आहे! चिमटा सरळ आहे! असा गंज अख्ख्या जावात शोधून मिळायचा नाही! ए बाबा, ठेव खाली. तुझी कशी झाली? आजींनी दिली? फुकट? बरं, तुझी तर तुझी, सांगशील तो भाव देतो. कधीपासून उभा होतास तू फाटकाशी? सगळं ऐकलंस? हसतोस काय? हसू नकोस म्हणतो ना! — बरं. हस बाबा, पोटभर हस. पण सायकल तेवढी खाली उतरव.