नातवाची साइज

न्हाई, मला एक सांगा, नुसती भिंत बघायला माणूस भर बाजाराच्या दिवशी दुकानाला कुलूप घालून जातो का? भिंती काय आमच्या घरात न्हाईत? हायेत की, चांगल्या चार हायेत. पर तुमाला सांगतो, म्या आन आमची बसम्मा केजात त्या गहिनीनाथच्या इंटरनेटच्या दुकानात बसलो आन पाऊण घंटा अमेरिकेची भिंत बघितली. पिवळी भिंत. वर एक पंखा. बसम्मा म्हणती, "अवो, नातू कुटं हाय?" म्या म्हणलं, "खाली हाय म्हणतेत." "मग खाली कावून दिसंना?" आता मला काय ठावं... माझं भांड्याचं दुकान हाय, म्या काय अमेरिकेपस्तोर तार ओढलीय?

त्याचं असं झालं, आमचा रवि तिकडं औषधाच्या कंपनीत हाय. सूनबाई कावेरी बाळंत झाली, पोरगा झाला. इकडं आमी पेढे वाटले, पाहुण्या-रावळ्यांनी पेढे खाल्ले, आन जो तो इचारतो, कुणावर गेलाय? आता तोंडच बघितलं न्हाई तर काय सांगावं... तर रवि फोनवर म्हणला, "आप्पा, कॉम्प्युटरवर फोटो पाठवतो, दोन मिनिटांत येतो. फकस्त साइज कोणती पाठवू ते सांगा."

साइज कोणती पाठवू! अरे, लेकराचा फोटो हाय का पायताण? म्या म्हणलं, मोठी पाठव. धंद्यातली सवय, मोठी घागर कुणाला नगं असती? आन बसम्माच्या डोळ्यात मोतीबिंदू, तिला बारीक काय दिसतंय? तर तेनं मोठा पाठवला, आन इतका मोठा, की गहिनीनाथच्या मॉनिटरात मावंना. नुसता वरचा डावा कोपरा दिसायचा, आन कोपऱ्यात हीच भिंत आन हाच पंखा. तेबी एकदम न्हाई, पट्टी-पट्टीनं उतरायचं. मधीच लाइन तुटली की परत पहिल्यापासून पंखा.

गहिनीनाथ माणूस चांगला. आधी टायपिंगचे क्लास घ्यायचा, कुणावर खेकसत न्हाई. तेनं खालचा दांडा धरून फोटो सरकवला. कान दिसला. बसम्मा म्हणती, "कान माझ्या बापाचा हाय." म्या म्हणलं, "तुज्या बापाचे कान फेट्याखालून कवा दिसले गं?" आणखी सरकवला, कान गेला, नाक आलं. नाक गेलं, गुडघा आला. तवा मात्र हिनं पदर डोळ्याला लावला आन म्हणली, "गहिनीनाथा, बाळंतिणीचं लेकरू हाय रे, असं तुकडं-तुकडं दाखवू नगं." आन उठली. गहिनीनाथचाबी चेहरा उतरला बघा.

आन हिच्या हातात काय व्हतं सांगू? टोपरं. आमच्याकडं नातवाचं तोंड रिकाम्या हातानं बघत न्हाईत, काहीतरी हातावर ठेवावं लागतंय. हिनं सोताच्या हातानं लाल टोपरं शिवलं, झालर लावून. तोंड दिसलं न्हाई, म्हणून टोपरं परत घरी. पिशवीतून काढलं, पेटीत ठेवलं. मला इतकं वाईट वाटलं, पर बोलावं कुणाला...

आईतवारी फोन. रवि म्हणला, "आमच्यात तर बरोबर दिसतंय की आप्पा. आमचा मॉनिटर मोठा हाय. मग आता साइज कोणती पाठवू?" म्या रागात म्हणलं, "बारीक पाठव! लई बारीक पाठव!" तो पोरगा लहानपणापासून आज्ञाधारक... पोष्टाच्या तिकिटाएवढा पाठवला. हां, आला मात्र दोन मिनिटांत. पुरा आला, भिंत न्हाई, पंखा न्हाई. पर बसम्मा काचेला नाक लावून बसली. "ह्यो लाल दिसतोय त्यो नातू का?" गहिनीनाथ म्हणला, "काकू, ती उशी हाय." टोपरं परत घरी.

मग म्या म्हणलं, हे अंदाजपंचे काम आपल्या धंद्यात चालत न्हाई. डब्याला झाकण बसवायचं तर आधी डब्याचं तोंड मोजावं का न्हाई? दुकानातला टेप घेतला, गेलो, आन गहिनीनाथची काच मोजली. लोक बघायलेत, बघू द्या. आडवी अकरा इंच, उभी आठ इंच. रविला ठणकावून सांगितलं, "आता इचारू नगंस. अकरा बाय आठ. सूतभर हिकडं न्हाई, सूतभर तिकडं न्हाई."

रवि औषधातला, कॉम्प्युटरातला न्हाई. तेनं बी इंच टाकले. आन त्या यंत्राला वाटलं, ह्यांना कागदावर छापायचाय! तेनं एका-एका इंचात तीनशे-तीनशे ठिपके भरले आन पयल्या फोटोच्या दुप्पट करून सोडला. आमी घंटाभर बसलो. काय दिसलं? पंख्याचं एक पातं. पातं बी पुरं न्हाई.

बसम्मा रडली न्हाई ह्या बारीला. शांत म्हणली, "अवो, ऱ्हाऊ द्या. माझ्या नशिबात फोनवरचा आवाजच हाय." ते ऐकून मला भडभडून आलं. चाळीस वर्सं ह्या बाईनं माझ्याकडं काय मागितलं न्हाई, आन मागितलं तर एक तोंड, तेबी मला आणता येईना.

गहिनीनाथनं ऐकलं. तेनं खुर्ची ओढली, म्हणला, "आप्पा, इंच इसरा. ही काच ठिपक्यांची हाय. आडवे सहाशे चाळीस, उभे चारशे ऐंशी. त्यातली वरची पट्टी आन बाजूचा दांडा जागा खातेत. रविला सांगा, सहाशे बाय तीनशे पाठव, आन भिंत कापून पाठव." म्या म्हणलं, "आरं, मग हे म्हैनाभर आधी कावून न्हाई सांगितलंस?" तर म्हणतो, "तुमी इचारलं कुटं? तुमी टेप घेऊन आलाव."

गेल्या शुकरवारी आला फोटो. पट्टी-पट्टीनं उतरला. जावळ आलं. कपाळ आलं. म्या मनात म्हणतोय, आता लाइन जाऊ नगं, लाइट जाऊ नगं, महादेवा, दोन मिनिटं सांभाळ... डोळे आले. नाक आलं. ओठ, हनुवटी, गळ्यात आमच्या रीतीनं बांधलेलं बारकं इष्टलिंग, सगळं एका काचेत, कुटं सरकवायचं काम न्हाई. बसम्मा खुर्चीवरून उठली. हात पुढं केला, काचेवरून गालावर फिरवला, कडाकडा बोटं मोडली. आन पिशवीतून टोपरं काढून मॉनिटरला घातलं. वरून, नीट, झालर सरळ करून. नाड्या बांधायला मागं गेली तर तिथं वायरी. मागं पोरं रांगेत उभी, कुणाला निकाल बघायचाय, कुणाला नोकरीचा अर्ज भरायचाय, पर एक जण हसला न्हाई. गहिनीनाथनं दिवसभर ते टोपरं काढलं न्हाई.

परवा रविचा फोन. लई खुश. "आप्पा, पुढच्या म्हैन्यात अजून पाठवतो. साइज कोणती पाठवू?" बसम्मानं फोन माझ्या हातातून घेतला आन म्हणली, "माझ्या मांडीवर मावंल एवढी पाठव."

म्याबी फोनला कान लावला. मग म्हणतो कसा, "अव्वा... त्याला अजून दोन वर्सं लागतील. तिकडं यायची-जायची कागदं व्हायचीत."

आता बोला. म्या फोन घेतला, म्हणलं, बाबा, तवर सहाशे बाय तीनशेच पाठव, पर दर पंधरा दिसाला पाठव. काय करता... लेकरू म्हैन्या-म्हैन्याला वाढायलंय, आन आमची काच हाय तेवढीच.