चार तासांवरचा लेक

या, असे जवळ सरकून बसा. देवाच्या दारात सांगावी अशी एक गोष्ट आज सकाळी बसस्थानकाच्या चौकशी-खिडकीशी ऐकली. रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी होती, जाळीपलीकडे कारकून.

“बाळा, बंदराच्या शहराला चार तासच लागतात ना?”

“अकरा लागतात, आजी. पावणेपाचशे किलोमीटर आहे.”

“काहीतरीच! माझा लेक एका रविवाराआड यायचा. म्हणायचा, ‘चार तासांवर तर आहे मी, हाक मारलीस की आलोच.’”

“विमानानं येत असेल.”

“गिरणीत कामाला होता रे. तुमच्याच गाडीनं यायचा.”

“मग शनिवारी कामावरून सुटला की बसत असेल. अन् रविवारी जेवून लगेच परत.”

“हो ना. ताटावरच पेंगायचा. मी म्हणायची, ‘एवढ्याशा प्रवासानं दमतोस? मेला नाजूक राजा!’”

कारकुनानं वेळापत्रकावर पुन्हा बोट फिरवलं.

“अकरा म्हणालास?”

“हो, आजी. गाडी साडेनऊला आहे.”

“पहाटे सुनेचा फोन आला. तो गेला म्हणाली. मी सांगितलं, दुपारपर्यंत पोचते, तोवर त्याला उचलू नका.”

“सूनबाईंचा नंबर द्या. मी बोलतो. दिवस मावळला तरी थांबा म्हणतो.”

“बोल बाबा.”

“एवढा उशीर का, असं विचारलं तर?”

“सांग, आईला रस्ता आजच कळला.”

मंडळी, संध्याकाळी देवापुढे हात जोडाल, तेव्हा तिच्या लेकाची आठवण असू द्या.