खडा विरघळेपर्यंत

(पनवेलच्या खाडीकाठी मिठागरात राबणाऱ्यांचं घर. सन १९५७.)

सखूबाई : बघा बाय, बघा! परत बसली दगडासारखी. लिवा तुमच्या कागदावर, माजी सून वेडी हाय.

सत्यवती : सखूबाई, मी कॉलेजातून अभ्यासासाठी आलेय. माणसं मनावर ताबा कसा ठेवतात, एवढंच विचारते. आणि प्रश्न भामाबाईंना आहे.

सखूबाई : दवाखान्यातला डॉक्टर बोलला ना, ह्या बाय लिवतील तसा दाखला देतो म्हनून? सरकारनं दुसरी बायको आनायला बंदी केली. ही वेडी ठरली तरच माज्या लेकाची, दाजीची सुटका.

सत्यवती : भामाबाई, राग आला की तुम्ही काय करता?

सखूबाई : नाय बोलायची. तोंडच उघडत नाय. आमी भांडायचं तरी कुनाशी?

सत्यवती : मला जरा कोरा चहा मिळेल? आलं घालून?

सखूबाई : आलं परसात हाय. खनायला लागंल.

सत्यवती : खणा की. मी थांबते.

(सखूबाई आत जातात.)

सत्यवती : गेल्या. आता बोला… तोंडात काय आहे?

भामा : मीठ. आता संपला खडा. राग आला की घेते तोंडात. इरगलेपर्यंत बोलायचं नाय, असा माजा मीच नेम केलाय.

सत्यवती : माझ्या कागदात पाणी पिणं आहे, दहापर्यंत अंक मोजणं आहे. मीठ नाही.

भामा : धापर्यंत येतात मना अंक. राग तेवढ्यात मावत नाय.

सत्यवती : सत्तर घरं फिरले मी. एवढा ताबा कुणाकडे पाहिला नाही. तुम्ही पूर्ण शहाण्या आहात, असंच लिहिणार.

भामा : शहानी म्हंजे हितंच राहायचं ना, बाय?

सत्यवती : …हो.

भामा : आन् वेडी म्हंजे?

सत्यवती : ठाण्याला, वेड्यांच्या इस्पितळात पाठवतील. नाहीतर भावाकडे.

भामा : आनंदाकडं? त्याची बायको उंबऱ्यात उबी करायची नाय मना. आन् माजी शकू हितंच, नव्या आईच्या हाताखाली. सात वर्साची हाय. दुसरीत जाते.

सत्यवती : मग मी काय लिहू?

भामा : शहानीच लिवा. मिठाला काय तोटा हाय आमच्याकडं?

सत्यवती : मला वाटायचं, मनावर ताबा आला की माणूस मोकळं होतं.

भामा : कोन बोललं?

सत्यवती : पुस्तकं.

भामा : पुस्तकांना सासू नसंल… आत्या आल्या. हा घ्या.

सत्यवती : खडा? मला कशाला?

भामा : तुमी उलट बोलाल, जाल निघून. मागून मना भोगायला लागंल. ठेवा तोंडात.

सखूबाई : हा घ्या चहा. काय लिवलं?

भामा : शहानी लिवलंय, आत्या.

सखूबाई : शहानी? एवढे कागद काळे करून? शिकलेल्या बायांना दुसऱ्याच्या सुना बिघडवायला बरं जमतं! बरं, शहानी तर शहानी. मग कामाला लावते दोघींना. उद्यापास्नं शकूची शाळा बंद. आईसंगं मिठागरावर… काय गं भामे, आयकलंस ना?… भामे?… बाय, तुमी तरी सांगा हिला… बाय?… ओ बाय!… घ्या, आता दोघी गप. चहा निवतोय तुमचा.