खोट्या खिशाचा काळा कोट

नाही, पण मी म्हणतो, माझ्या पिवळ्या पँटने कुणाचं काय घोडं मारलंय? आं? पँट माझी, पाय माझे, इस्त्रीसुद्धा मीच करतो, आणि त्रास कुणाला? तर समोरच्या फ्लॅटमधल्या रिटायर्ड वकिलाला! सकाळी दूध आणायला खाली उतरलो की हा माणूस डोळ्यांवर आडवा हात धरतो. "ऊन पडलं म्हणायचं की तुम्ही आलात?" रोज. रोज तोच विनोद, आणि रोज स्वतःच हसतो! कोर्टात याने काय दिवे लावले असतील देव जाणे. आणि मग निघताना खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेने, "नाही, पँट चांगलीय हो… पण आता आपलं वय बघता, तेवढं जरा साधं घाला."

तेवढं जरा साधं घाला! तुम्हाला सांगतो, हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले. लहानपणी आईने ऐकवलं, तरुणपणी बायकोने. बायकोची तर तऱ्हाच वेगळी. ती नाही म्हणत नाही. "घाला की! मी कोण सांगणारी? फक्त रस्त्यात माझ्यापासून चार पावलं मागे चाला." आता चार पावलं मागून केशरी शर्टातला टकला माणूस चालतोय म्हटल्यावर लोक तिलाच थांबवून विचारतात, बाई, हा तुमचा पाठलाग करतोय का? आणि ती काय म्हणते माहितेय? "करू दे, सवय आहे त्याला."

बरं, मी कामाला कुठे? चष्म्याच्या दुकानात! अहो, भिंतभर फ्रेमा. लाल, निळ्या, पोपटी, एक तर जांभळ्यावर पांढरे ठिपके अशी की बघून आजारी माणूस उठून बसावा. गिऱ्हाईक येतं, ठिपक्यांची लावतं, आरशात बघतं… आणि हसतं! मी बघतो ना रोज. शाळेतलं पोर हसावं तसं हसतं, मान इकडे करतं, तिकडे करतं. आणि मग एकदम त्याच्या चेहऱ्यावर त्याचं ऑफिस येतं, सासरा येतो, शेजारी येतो. "छान आहे हो, पण… काळी दाखवा." काळी! सगळ्यांना काळी! आणि मालक मला म्हणतो, तुम्ही हिरव्या काड्यांचा चष्मा लावता म्हणून गिऱ्हाईक बिचकतं, काउंटरवर तरी तेवढं जरा साधं घाला. म्हणजे विकायला रंगीत ठेवायचं आणि विकणाऱ्याने काळं घालायचं. हे कुठलं शास्त्र?

जाऊ दे. मी सांगत होतो त्या रेकॉर्डरचं. रेकॉर्डर म्हणजे गाणी भरून ठेवायचं यंत्र नव्हे हो! ती उभी बासरी असते ना, शिट्टीसारखी टोकाने फुंकायची, शाळेत पोरांना शिकवतात ती. माझ्या मुलीला शाळेत घ्यायला लावली होती. क्रीम रंगाची, प्लॅस्टिकची. एक संथ धून होती, रोज संध्याकाळी वाजवायची पोरगी, आणि मधोमध एक वरचा लांब सूर आला की दरवेळी तिथेच अडकायची. चिर्रर्र! पुन्हा पहिल्यापासून. चिर्रर्र! शेवटी एक दिवस तिने ती कपाटात कोंबली आणि म्हणाली, मला नाही येणार. मी ती काढली. सहज हो! म्हटलं बघू तरी हा सूर काय म्हणतो. आणि तुम्हाला सांगतो, तो सूर माझा लागला. पहिल्या दिवशी नाही, पण लागला! मी धावत तिला सांगायला गेलो, तर पोरगी अभ्यासाचं पुस्तक डोळ्यांसमोर धरून म्हणते, "बाबा, दार लावून घ्या ना." त्यानंतर तिने माझं वाजवणं कधी ऐकलं असेल तर ते दाराआडून. मग शिकायला गेली, नोकरीला लागली, दुसऱ्या शहरात राहायला लागली. मी मात्र प्लॅस्टिकवरून लाकडावर आलो, रेकॉर्डर वाजवणाऱ्यांच्या एका ग्रुपात शिरलो.

आणि लाकडाचं म्हणजे तान्ह्या मुलासारखं असतं. थंड लागता कामा नये. वाजवायच्या आधी त्याचं डोकं, वरच्या फुंकायच्या तुकड्याला आम्ही डोकं म्हणतो, ते अंगाच्या उबेत ठेवावं लागतं. गार राहिलं की आपल्या श्वासाची वाफ आत जाऊन बसते, त्याचं पाणी होतं, फुंकायची चीर तुंबते आणि सूर गपकन बसतो. म्हणून आमच्या ग्रुपात तालमीच्या आधी कुणी आलं तर घाबरेल. सहा प्रौढ माणसं, एकेक काखेत काहीतरी धरून, गंभीर चेहऱ्याने गप्प बसलीयत! दाताचा डॉक्टर आहे एक, माझ्याच बांध्याचा, माझ्याइतकाच टकला. तो तर काखेतलं डोकं सांभाळत फोनवर पेशंटला सांगतो, "दाबून धरा, दाबून!"

मी मात्र काखेच्या भानगडीत पडत नाही. माझं एक जाकीट आहे. बाहेरून केशरी, कॉलर निळी, बटणं पाचही पाच रंगांची. आणि आत, डाव्या बाजूला, छातीशी, शिंप्याला समोर बसवून शिवून घेतलेला खिसा. अगदी त्या डोक्याच्या मापाचा! लोकांना बटणं दिसतात. आतला खिसा कुणी बघतं का?

तर यंदाच्या कार्यक्रमात आमच्या बाईंनी, बाई म्हणजे ग्रुपच्या प्रमुख, भूगोल शिकवायच्या, अजूनही बोलताना हवेत नकाशा काढतात, त्यांनी मला एकट्याने वाजवायला दिलं. मला! इतकी वर्षं मी मागे उभा राहून भों-भों वाजवणारा. म्हणाल्या, "धून तुम्हीच निवडा." मी कुठली निवडली असेल? तीच! पोरीची! घरी कुणालाच सांगितलं नाही, म्हणजे बायकोला कळलंच, भिंतीलासुद्धा पाठ झाली होती ती. पण मुलीला फोनवर इतकंच म्हटलं, ये, आमचा कार्यक्रम आहे. म्हटलं, तिथे बसलेली असेल, धून सुरू होईल, तो वरचा सूर येईल, आणि मी तो असा लांबवर नेईन की पोरीला कळेल, बाप दार लावून काय करत होता इतकी वर्षं. बस. दुसरं काही नको होतं मला.

आणि ती येते म्हणाली! म्हणाली, ऑफिसातल्या दोघी मैत्रिणींनाही आणते. मी हवेत. मग हळूच म्हणते, "बाबा… एक सांगू? रागावणार नाही ना?" मी म्हटलं, सांग की. "नाही, त्या दोघी पहिल्यांदाच भेटतायत तुम्हाला… तर तेवढं जरा साधं घालाल?"

वकील म्हणाला, मी हसलो. मालक म्हणाला, मी ऐकून सोडून दिलं. पण ही? अहो, लहान असताना एका प्रदर्शनात हरवली होती ही! एवढी गर्दी, माझ्या तोंडचं पाणी पळालेलं, आणि ही आपली शांतपणे माणसांच्या पायांतून वाट काढत आली आणि माझ्या पँटला बिलगली. "मी पिवळा बाबा शोधला," म्हणाली. रडलीसुद्धा नाही! आणि आज तिलाच पिवळा नको. लागलं मला. लागलं म्हणजे चांगलंच लागलं. पण म्हटलं, ठीक आहे बाई. तुझ्यासाठी.

त्यात बाईंचाही फतवा निघाला. सगळ्यांनी काळं घालायचं, डोक्यापासून पायापर्यंत, म्हणजे म्हणे लक्ष कपड्यांकडे न जाता सुरांकडे जातं! मी म्हटलं, बाई, माझा खिसा… "खिशाचं काय घेऊन बसलात? सगळे घालतायत ना?" आता माझ्याकडे काळं कुठून असणार? माझी छत्रीसुद्धा पोपटी! बायको गेली समोर आणि वकिलाचा कोट घेऊन आली. तो स्वतः मागोमाग आला, कोट सोडवत नव्हता ना! "जपून हं. कोर्टातला आहे." घातला. वकील काटकुळा, मी असा. बटण लावलं की श्वास बाहेर, आणि फुंकायचं तर श्वासावरच असतं सगळं! आणि खिसा? अहो, तुम्हाला सांगतो, वकिलाचा कोट आणि खिसा खोटा! बाहेरून झडप, आत हात जाईना. दुकानातून आणल्यापासून टाकेच उसवले नव्हते या माणसाने! म्हणतो कसा, "खिशात हात गेला की कोटाचा आकार बिघडतो." जन्मभर वकिली केली आणि खिसा उघडला नाही, यावर तुमचा विश्वास बसतो? मी म्हटलं, उसवू का जरा? असं बघितलं माझ्याकडे, जसं काही मी त्याच्या आईला नावं ठेवली.

गेलो तसाच. हिरवा चष्मासुद्धा घरी ठेवला, दुकानातली एक काळी फ्रेम लावली. सभागृहात एसी असा की मयत टिकावं. स्टेजवर काळे सात जण. पहिले दोन तुकडे मागे उभं राहून मोठ्या रेकॉर्डरवर भों-भों करायचं आणि मग मधोमध येऊन माझी लाकडी घ्यायची. तोवर ती कुठे ठेवणार? खिसा नाही. काखेत धरायला गेलो तर कोट टर्रर्र करायला लागला, आणि पहिल्याच रांगेत कोण? वकील! कोटावर नजर ठेवून! बाईंनी डोळे वटारले, म्हणजे काख बंद. म्हणून ठेवली लोखंडी स्टँडवर. एसीच्या बरोबर खाली. मला दिसत होतं हो, पोर उघड्यावर पडावं तशी पडली होती, आणि मी भों-भों करतोय.

मुलगी? पहिल्या रांगेत बायकोशेजारी तिघींच्या खुर्च्या रिकाम्या. आमचा पहिला तुकडा संपत आला तेव्हा मागचं दार उघडलं, थोडा उजेड आला, तीन आकृत्या आत आल्या आणि मागच्या भिंतीशी उभ्या राहिल्या. मी म्हटलं, आली!

माझी पाळी. मधोमध आलो. उचलली, बर्फ! फुंकली. पहिल्या ओळी निघाल्या, आणि काय सांगू, चांगल्या निघाल्या! सभागृह गप्प झालं, ते गप्प असतं ना, खरं ऐकणारं, तसं. मागच्या भिंतीशी एक आकृती सरळ झाली. ओळखली तिने! धून ओळखली! आता तो सूर. घेतला श्वास, कोटाने दिला तेवढा, गेलो वर… आणि फुस्स! तोंडचं पाणी पळतं म्हणतात ना, माझं पळून थेट त्या चिरेत जाऊन बसलं! पुन्हा फुंकलं. फुस्स! मग यावर उपाय एकच, उलटा श्वास ओढायचा. ओढला. जोरात! ग्लासाच्या तळाचं सरबत नळीने ओढावं तसा सुर्रर्र आवाज भरल्या सभागृहात! कुणीतरी पोर खुदकन हसलं. पुन्हा सूर, चिर्रर्र! तोच! पोरगी अडकायची तोच सूर, तसाच चिर्रर्र! टाळ्या पडल्या, पण त्या कशा, माणूस पायरीवरून घसरून उठला की लोक "लागलं नाही ना" विचारतात, तशा.

बाहेर आलो. वकील आधी कोटाच्या शिवणी तपासून गेला. बायको माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. आणि गर्दीतून पोरगी येताना दिसली, इकडे बघतेय, तिकडे बघतेय, दोनदा माझ्यावरून नजर गेली आणि पुढे गेली! शेवटी मीच हात वर केला. आली धावत. "बाबा! किती मस्त वाजवलंत!"

मस्त? मी?

"अगं हेच ते माझे बाबा, मघाशी नाही का टोकाला दाखवले तुम्हाला!" मैत्रिणींना सांगतेय. टोकाला? टोकाला तो दाताचा डॉक्टर! "सगळे काळे-काळे, ओळखूच येईनात, पण मी बरोबर शोधलं, टक्कल बघून! अख्खा वेळ तुमच्याकडेच बघत होते. काय आत्मविश्वासाने वाजवता बाबा तुम्ही! आणि दिसताय किती छान, बघा, साधं घातलं की कसं!" आणि मग आवाज खाली आणून, अगदी कळवळून, "पण ती मधली धून माझी होती ना हो, शाळेतली? किती वर्षांनी ऐकली! डोळ्यांत पाणी आलं माझ्या… आणि त्या माणसाने पार वाट लावली. कोण होता हो तो?"

बायकोने पर्स उघडली आणि आत काहीतरी शोधायला लागली. बराच वेळ शोधत होती.

मी कोटाच्या खिशात हात घालायला गेलो. गेलाच नाही आत.

"असेल गं कुणीतरी," म्हटलं. "साधा माणूस होता एक."