पवल्या जेवत नाही

(दापोडे. रामनाथच्या घराची ओटी, सकाळची वेळ. घराच्या तिन्ही बाजूंना गोदामं, सगळ्यांना मिळून एकच गेट. गोणपाटावर एक म्हातारा कुत्रा पडलेला. रामनाथने फोन स्पीकरवर लावून मांडीवर ठेवलाय; पलीकडे दिघाशीहून त्याची मुलगी मृणाली. बायको सीताबाई आत चुलीपाशी.)

रामनाथ : न्हाय न्हाय, सगले बरे हायत. तुझी आई बरी हाय, मी पन बरा हाय. त्यासाठी फोन न्हाय केला.

मृणाली : मग कशासाठी केलात?

रामनाथ : तुझा कुत्रा.

मृणाली : पवल्या? काय झालं त्याला?

रामनाथ : जेवत न्हाय.

मृणाली : कधीपासून?

रामनाथ : भाविकच्या हलदीपासून. तुझ्या काकाच्या भाविकचा लगीन झाला ना.

मृणाली : कळलं मला. फोटो बघितले मोबाइलवर. पत्रिका काही आली नाही.

रामनाथ : हां. ती... पत्रिका काकाने वाटल्या. मी त्यात न्हवतो.

मृणाली : पवल्याचं सांगा.

रामनाथ : हलदीला घरातल्या सगल्या पोरी आल्या माहेराला. मांडवात बसल्या व्हत्या. हा म्हातारा उठला, एकेकीपाशी गेला, हुंगला, पुढं गेला. मी बघत व्हतो. पार शेवटच्या पोरीपर्यंत गेला. मंग आला नि हितं येऊन पडला. त्या दिवशी मटनाचा हाड ठेवला पुढ्यात, त्याने तोंड फिरवला.

मृणाली : आणि तुम्हाला काय वाटलं?

रामनाथ : मना काय वाटनार. मना वाटला, रुसलाय.

मृणाली : बाबा, कुत्रा रुसेल, पण इतके दिवस रुसेल का?

रामनाथ : कुत्रा कोनाचा हाय ते बघ ना.

मृणाली : माझा आहे म्हणून मी ऐकतेय. डॉक्टरला दाखवलं का?

रामनाथ : दाखवला. पंधरा दिवसांनी.

मृणाली : पंधरा दिवस काय करत होतात?

रामनाथ : समजूत काढत व्हतो त्याची. सुकट दिली. सुकट घातलेला भात तेवढा चाटायचा. मंग तीपन सोडली, तर बोंबील भाजून दिला. गाडीवर पुढं बसवून वावरापर्यंत नेला. वावर म्हंजी आथा ते टायरवाल्याचं गोदाम, ठावं हाय ना तुला. तुझी जुनी ओढनी व्हती कपाटात, ती काढून त्याच्या अंगाखाली घातली.

मृणाली : माझी ओढणी ठेवलीय अजून?

रामनाथ : आईने ठेवलीय.

सीताबाई : (आतून) मी न्हाय ठेवली. मी त्या ओढनीने कवाच लादी पुसली असती. तुमीच काढू दिली न्हाय.

मृणाली : आई ऐकतेय का?

रामनाथ : ती कवा ऐकत नसते?

मृणाली : डॉक्टर काय म्हणाले ते सांगा आधी.

रामनाथ : रक्त काढला त्याचा. बोल्ले, किडन्या गेल्या. आजच्या न्हाय, लय दिवसांच्या खराब व्हत्या. म्हातारपन हाय. नि बोल्ले, खायला काय देता? मी सांगला, सुकट, बोंबील. त्यांनी माझ्याकडं असा बघला, जसा मी त्याला उंदराचा औषध दिला.

मृणाली : मीठ.

रामनाथ : मीठच. आपल्या घरात आजारी मानसाला तेच देतात ना गं. तोंडाला चव येते. तुला ताप आला का तुझी आजी काय द्यायची? पेजेत भाजलेली सुकट. मना काय ठावं, कुत्र्याच्या किडनीला ते इख हाय.

मृणाली : माझ्या हातात असतं तर मीही तेच दिलं असतं.

रामनाथ : तू न्हाय दिला असता. तू पहिल्या दिवशी डॉक्टरकडं नेला असता. हा तुझा बाप हाय बेअक्कल, जो कुत्र्याच्या आजाराला रुसवा समजला.

मृणाली : आता काही खातो का?

रामनाथ : न्हाय. रोज सलाईन लावली. दोन दिवस जरा मान उचलली, तुझी आई लगेच गोड तेल घेऊन पाय चोलायला बसली. परवापासून पानी पन ओकतो. आज उठलाच न्हाय. डोले उघडे हायत. मी बोलतोय ते ऐकतोय, कान हलवतो.

मृणाली : माझा आवाज जातोय का त्याच्यापर्यंत?

रामनाथ : स्पीकरवर टाकलाय.

मृणाली : पवल्या. ए पवल्या. ...काय करतोय?

रामनाथ : ऐकतोय.

मृणाली : शेपूट?

रामनाथ : खोटा कशाला सांगू. न्हाय हलली. डोला हलवला फकत.

मृणाली : बरं.

रामनाथ : रडू नको.

मृणाली : रडत नाहीये. तुम्हाला आठवतं, त्याचं नाव कोणी ठेवलं ते?

रामनाथ : न आठवायला काय झाला. ज्या वरसी मी बैल इकले, त्याच वरसी तू हा गोला उचलून आनला. दोन मुठींत मावंल येवढा. नि आख्ख्या दापोड्यात कोनी कुत्र्याला बैलाचा नाव ठेवलेला ऐकलाय का? लोक हसायचे मना.

मृणाली : बैल गेल्यावर तुम्ही बांधावर नुसते उभे राहायचात. वाटलं, हाक मारायला कोणीतरी हवं तुम्हाला.

रामनाथ : मारायचो ना. वावरातून हाक मारायचो, हा गवतातून धावत यायचा. घडीभर बैल आल्यासारखा वाटायचा. मंग वावर पन गेला.

मृणाली : हं.

रामनाथ : मृणाली, मी फोन येवढ्यासाठी केला. डॉक्टर संध्याकाली येनार. ते बोल्ले, आथा सलाईनचा उपयोग न्हाय. एक इंजेक्शन असतं. झोप लागते नि मंग... तुला समजला ना.

मृणाली : समजलं.

रामनाथ : त्यांना हो बोलायचा का न्हाय, ते तू सांग. तुझा कुत्रा हाय.

मृणाली : बाबा, गेली चार वर्षं तोच कुत्रा तुमच्या हातचं खातोय. माझी परवानगी कशाला?

रामनाथ : असा कसा. ज्याचा जीव त्याला इचारायला नको? तू लगीन करताना मना इचारला न्हवता, पन मी तुला इचारतो.

मृणाली : मी विचारलं नव्हतं?

रामनाथ : कवा इचारला?

मृणाली : त्याच ओटीवर, जिथे तुम्ही आता बसलात. तुम्ही जेवत होतात. मी म्हटलं, बाबा, भावेश चांगला मुलगा आहे, आपल्या गोदामात लोडिंगला आहे म्हणून त्याला हलका समजू नका. तुम्ही ताट सरकवलंत आणि उठलात. नंतर तीन दिवस घरात जेवला नाहीत. आई ताट वाढायची, तुम्ही बघायचासुद्धा नाहीत. आणि चौथ्या दिवशी भावेशला गेटबाहेर काढलंत.

रामनाथ : (पवल्याच्या अंगाखालची ओढणी सारखी करतो.)

मृणाली : ऐकताय ना?

रामनाथ : ऐकतोय.

मृणाली : त्याला काढलंत तेव्हा हाच पवल्या त्याच्या मागे नाक्यापर्यंत गेला होता. भावेश अजून सांगतो.

रामनाथ : भुंकत गेला असंल.

मृणाली : शेपूट हलवत.

रामनाथ : व्हय. मी बघला व्हता. त्या दिवशी त्याला दगड मारला मी. लागला न्हाय.

सीताबाई : द्या तो फोन इकडं. दोघं नुस्ती जुनी भांडी घासत बसलीत. मृणाली, आई बोलतंय. चाय पिलीस का?

मृणाली : प्यायले.

सीताबाई : नि काय खाल्ला? परवा बोललीस पित्त झालाय म्हनून...

रामनाथ : परवा?

सीताबाई : परवा? कोन बोल्ला परवा?

रामनाथ : परवा गुरवार व्हता.

सीताबाई : गुरवारी अंबाडीच्या बाजाराला गेले व्हते ना, तिच्या दिघाशीच्या अंगाला. तितं भेटली असंल. योगायोगाने.

रामनाथ : भिवंडीचा मार्केट हितं नाकासमोर. ही दर गुरवारी भाजीला अंबाडीला जाते, नि मेथीची एक जुडी घेऊन परत येते. चार वरसं. मी काय शेंबडा हाय का?

सीताबाई : मंग इतकी वरसं बोल्ले का न्हाय?

रामनाथ : बोल्लो असतो तर तू बंद केला असता जायचा.

मृणाली : बाबा, तुम्हाला माहीत होतं?

रामनाथ : रिक्षावाला दाजी माझाच मानूस ना. मीच सांगला व्हता त्याला, बाईला घाई करू नको, तिला बसू दे निवांत. नि परत आली का मी त्याला इचारायचो, पोरगी कशी दिसली. तो बोलायचा, बारीक झालीय. दर गुरवारी तेच. एकदा बोल्ला, आज हसत व्हती.

सीताबाई : नि घरी येऊन मना इचारायचे, मेथी केवढ्याला दिली. पवल्याचा पन मी तिला सांगला न्हाय, मना वाटला, ते तरी तुमीच सांगाल.

मृणाली : मी दर गुरुवारी आईला विचारायचे, बाबा काही म्हणाले का. आई म्हणायची, नाही. मी घरी जाऊन भावेशला सांगायचे, बाबा विसरले.

रामनाथ : बाप इसरतो का?

मृणाली : मला काय माहीत. तुम्ही सांगितलंत का कधी? आजही फोन आला तो कुत्र्यासाठी.

रामनाथ : कुत्र्यासाठीच केला.

मृणाली : मग डॉक्टरांना हो म्हणा. त्याला आणखी त्रास नको. माझी परवानगी आहे. झालं तुमचं काम?

रामनाथ : झाला.

मृणाली : ठेवू मग?

रामनाथ : ठेव.

सीताबाई : खबरदार, कोनी फोन ठेवला तर. अवं, बोला ना. सकालपासून आंघोल करून फोन हातात घेऊन बसलाय, येवढ्यासाठी?

रामनाथ : काय बोलू?

सीताबाई : ते मी सांगू?

रामनाथ : मृणाली.

मृणाली : हं.

रामनाथ : तो रुसला असता तर बरा व्हता गं. रुसलेला मानूस आज ना उद्या जेवतो. हा आथा जेवनार न्हाय.

मृणाली : माहीत आहे बाबा.

रामनाथ : मी इतके दिवस बोलत व्हतो, त्याला तुझी आठवन येते म्हनून खात न्हाय. लोकांना पन तेच सांगायचो. डॉक्टरांनी सांगला, आठवन-बिठवन काय न्हाय, किडनी हाय. मी बाहेर आलो, गाडीला किक मारली, नि मना कलला. त्याला न्हवती येत. मना येत व्हती.

मृणाली : कोणाची, बाबा?

रामनाथ : कुत्रा हाय हितं, समोर. त्याची कसली आठवन. तुझी येते. हलदीला सगल्यांच्या पोरी बसल्या व्हत्या, धवलारनी लग्नाची गानी गात व्हत्या, पवल्या एकेकीला हुंगत व्हता. त्याच्या मागं मी पन एकेकीचा तोंड बघत व्हतो. ठावं हाय, तू नसनार. तरी बघत व्हतो.

मृणाली : मला बोलावलं असतं तर आले असते.

रामनाथ : माझ्या तोंडातून निघत न्हाय. कवा निघाला न्हाय. तुझी आई जानते.

सीताबाई : मी येवढी वरसं वाट बघतंय. कायच निघाला न्हाय.

मृणाली : आता निघेल का?

रामनाथ : संध्याकाली डॉक्टर येतील. मना त्याच्यापाशी एकट्याला बसवनार न्हाय. तू ये.

मृणाली : पुन्हा म्हणा.

रामनाथ : ये गं. घरी ये.

मृणाली : भावेशची आज सुट्टी आहे. टेम्पो घरीच आहे. तोच आणेल मला.

रामनाथ : हां.

मृणाली : तो मला नाक्यावर सोडून परत नाही जाणार, बाबा. तो आला तर आत येईल. तो चालत नसेल तुम्हाला, तर मीपण...

रामनाथ : पवल्या आथा उचलायला जड झालाय. पानी भरल्यासारखा. मना एकट्याला झेपत न्हाय. डॉक्टर आले का कोनीतरी दुसरा लागंल धरायला. नि नंतर खड्डा पन खनायचाय. त्याला सांग, कुदल घरात हाय, आनू नको.

मृणाली : सांगते.

रामनाथ : नि जेवून निघू नका. हितं जेवा. आई भाकऱ्या टाकंल.

सीताबाई : टाकंल काय, पीठ मघाशीच भिजवलाय.

मृणाली : निघतोच आम्ही. पवल्याला सांगा, येतेय म्हणून.

रामनाथ : सांगतो. ...ठेवला तिने.

सीताबाई : चला, एक काम झाला. आथा तुमी बसा त्याच्यापाशी, मी चूल बघतंय. ...अवं. चप्पल घालून कुठं चाललाय?

रामनाथ : गेटवर.

सीताबाई : ती आत्ताशी साडी बदलत असंल. दिघाशीवरून यायला दीड तास लागंल, त्यात अंबाडीला ट्राफिक. आत्तापासून उन्हात कशाला हुबं राहताय?

रामनाथ : वॉचमन नवा हाय. त्याला ठावं न्हाय, ती या घरची हाय म्हनून.